‘पोर्ट’ म्हणजे बंदर, तर बोटीची ‘पोर्ट साइड’ म्हणजे बंदराकडची बाजू का? मग मोबाइलचा पोर्ट आणि नंबर पोर्ट करणं कुठून आलं?

स्पेलिंग एकच असलं तरी शब्द वेगवेगळे आहेत. बंदराचा पोर्ट लॅटिन ‘पोर्तुस’वरून आला. चार्जिंगचा पोर्ट म्हणजे दार, तो ‘पोर्ता’वरून. नंबर पोर्ट करणं ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं यावरून. स्टेशनवरचा पोर्टर तिथलाच.

बोटीची पोर्ट साइड मात्र बंदराकडची नव्हे, डावी. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येते ती. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेट्टीला बोट उजव्या अंगाने लागली तरी पोर्ट डावीच, आणि खलाशी मागे तोंड करून जाळं ओढत असला तरी तीच. ‘डावीकडे घे’ म्हटलं की कुणाच्या डावीकडे हा प्रश्न उरतो. ‘पोर्ट’ म्हटल्यावर उरत नाही.

बंदराशी नातं आहे ते असं: जुन्या युरोपी जहाजांचं सुकाणू मागे मधोमध नसून उजव्या अंगाला वल्ह्यासारखं असे. म्हणून उजवी ‘स्टारबोर्ड’, सुकाणूची बाजू. सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. डावीला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत, पण आरडाओरड्यात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत. ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘पोर्ट’ पक्का केला.

खरं महत्त्व रात्री कळतं. पोर्टचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. प्रत्येक दिवा थेट समोरपासून आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसला पाहिजे. इंजिनावरची दुसरी बोट उजवीकडून आडवी येताना तिचा लाल दिवा दिसला, तर वाट तुम्ही द्यायची. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, म्हणजे पोर्टला पोर्ट ठेवून पार होता. रंगरंगोटीनंतर दिवे उलटसुलट बसले, तर समोरच्या तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, तुमची दिशाच उलटी वाटते. म्हणून समुद्रात जाण्याआधी जेट्टीवर उभं राहून समोरून दिवे पाहा.

बोयांचंही, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही, तसंच. समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला ठेवायचा, हिरवा स्टारबोर्डला. भारतात हा नियम आहे, अमेरिकेत नेमका उलटा. बाहेर पडताना तोच लाल बोया तुमच्या उजवीकडे येतो. नुसतं ‘लाल डावीकडे’ एवढंच पाठ केलेला माणूस इथेच बोट वाळूत घालतो.