फौजी वडिलांची ट्रंक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ८४ वर्षांचे निवृत्त सैनिक. देशोदेशी पोस्टिंग झाली. ट्रंकभर फोटो, पत्रं, पदकं आहेत. सुरुवात पदकं चकचकीत करण्यापासून करावी का?

उत्तर : नको. पदकं अजून कित्येक वर्षं टिकतील. फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारा माणूस मात्र ८४ वर्षांचा आहे. पहिलं काम बोलण्याचं.

वहीत तक्ता आखा : साल, ठिकाण, युनिट, हुद्दा, तेव्हा कुटुंब कुठे होतं, मुलं कोणत्या इयत्तेत होती. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण गाळतात आणि कामाला तेच येतात. वडिलांना बदलीचं साल आठवलं नाही, तरी धाकटी तेव्हा पहिलीत होती हे आईला पक्कं ठाऊक असतं. त्यावरून साल निघतं. सेवेच्या कागदांशी ताळा नंतर घाला. बोलता बोलता तारखा दुरुस्त करत बसलात, तर सांगणारा गप्प होतो.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, वडिलांपासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशीचा प्रत्येक धक्का आवाजात उतरतो. पंखा बंद करा, घड्याळ दुसऱ्या खोलीत. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. आधी तारीख आणि नाव बोलून घ्या. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

‘युद्ध कसं होतं?’ असं विचारलं की हाती काही लागत नाही. बराकीत खाटा किती होत्या, पहाऱ्याची पाळी किती तासांची, घरचं पत्र किती दिवसांनी पोचायचं, असं विचारा. एखादा विषय त्यांनी टाळला तर टाळू द्या. आठवणी काढल्यावर रात्रीची झोप उडू लागली, तर काम थांबवून डॉक्टरांशी बोला.

आईला वेगळं, एकटीला बसवा. वडील सीमेवर असताना घर तिनं चालवलं. पण त्यांच्यादेखत ‘निभावलं कसंबसं’ यापलीकडे ती सहसा जात नाही.

प्रश्न : फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत आणि निघत नाहीत.

उत्तर : त्या पानांचा गोंद वर्षांगणिक पिवळा आणि घट्ट होतो. ओढू नका, हेअर ड्रायरही नको. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. तरीही अडला, तर वरचं प्लॅस्टिक उचलून फोटो आहे तिथेच स्कॅन करा.

स्कॅन करताना नेहमीच्या आकाराला ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा, रंग सुधारायचे ते तिच्या नकलेवर. मागची बाजूही स्कॅन करा. शिक्का, तारीख, नावं बहुधा तिथेच असतात. मागे बॉलपेनने काही लिहू नका, दाबाचा वळ पुढे उमटतो. माहिती पाकिटावर लिहा आणि मगच फोटो आत घाला. पाकीट आम्लरहित कागदाचं किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं असावं, पीव्हीसी प्लॅस्टिकचं कधीच नाही. पत्रांचं लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते सोडवताना कागदच जातो.

प्रश्न : मग पदकांचं काय करायचं?

उत्तर : जवळपास काहीच नाही. पॉलिशने दर खेपेला धातूचा थर झिजतो. अनेक पदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तोही बोथट होतो. (चमक छान दिसते, हे मान्य!) हातमोजे घालून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. लोकरी कापड आणि रबर पदकाजवळ नको. त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. फिती उन्हात विटतात, त्यामुळे खिडकीसमोरची भिंत टाळा. पदकांचा क्रम ठरलेला असतो. काढण्याआधी फोटो घ्या आणि तसाच परत लावा.

प्रश्न : लोकरीच्या गणवेशाला कसर लागली आहे.

उत्तर : पदकं, बिल्ले, चामडी पट्टा काढा. गणवेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर ओल कापडावर धरते. नंतर ब्रशने अळ्या-अंडी झटका. डांबराच्या गोळ्या शक्यतो नकोतच. दोन वेगळ्या रसायनांच्या गोळ्या एकत्र आल्या तर विरघळून डाग पडतात.

प्रश्न : हे सगळं इंटरनेटवर टाकलं तर?

उत्तर : फोटो टाका. सेवा क्रमांक, पेन्शनचे कागद, जन्मतारीख नको. त्यांवरून फसवणूक होऊ शकते. फाइलींच्या ३ प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी.