सागरी पूल बांधल्याने भरती-ओहोटीच्या प्रवाहावर काय परिणाम होतो?

पुलाचे खांब पाण्याच्या वाटेतील फार थोडी जागा अडवतात, त्यामुळे संपूर्ण खाडीच्या भरती-ओहोटीवर त्यांचा परिणाम सहसा अल्प असतो; मात्र दोन खांबांमधून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो, खांबाच्या पायथ्याशी भोवरे निर्माण होऊन तळाची वाळू उकरली जाते आणि खांबाच्या आडोशाला, जिथे पाणी मंदावते, तिथे गाळ बसतो.

खरा अडथळा भरावाचा असतो. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू खांबांवर उभा आहे, पण मिठी नदीचे मुख त्याच्या कितीतरी आधीच वांद्र्याच्या भरावाने आकुंचित झाले होते, हे चर्चेत बरेचदा विसरले जाते.

डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंड पूल २००० साली खुला झाला. तो बांधताना अट अशी होती की, बाल्टिक समुद्रात जाणारे खारे पाणी कमी होता कामा नये. म्हणून खांब आणि कृत्रिम बेट यांमुळे जितका प्रवाह अडला, तितका भरून काढण्यासाठी सामुद्रधुनीचा तळ खोदून पाण्याची वाट मोठी केली गेली. बाल्टिकच्या खोल थरांना प्राणवायू मुख्यतः बाहेरून येणाऱ्या या खाऱ्या पाण्यातूनच मिळतो, तेव्हा ही अट मुळीच अवाजवी नव्हती.