मेडिकलची वॉर्ड पोस्टिंग (रुग्णांजवळचं शिकणं) सुरू होतेय, मेडिसिनचं जाडजूड हॅरिसन आत्ताच घ्यावं का?

नको. हॅरिसनचे दोन खंड लायब्ररीत आहेतच, लागेल तेव्हा तिथेच उघडा. मेडिसिनला डेव्हिडसन पुरतं. तपासणीसाठी मॅक्लिऑड किंवा हचिसन, दोन्हींपैकी एकच. सर्जरीच्या केसेससाठी एस. दास. तपासणीची पुस्तकं सिनियरकडून जुनी घेतली तरी चालतात, प्लीहा (पोटातली स्प्लीन) चाचपायची पद्धत काही दर वर्षी बदलत नाही. औषधोपचाराचं पुस्तक मात्र नवीन आवृत्तीचंच घ्या.

आता विदर्भातली गोष्ट. पुस्तकात वाचलं होतं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात प्लीहा लहानपणीच आक्रसते. वॉर्डात वीस-बावीस वर्षांचा पोरगा, रिपोर्ट एसएस (म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जीन आलेला), आणि प्लीहा थेट बेंबीपर्यंत! मला वाटलं, माझाच हात चुकतोय. मॅडम म्हणाल्या, "हात बरोबर आहे, पुस्तक आफ्रिकेतल्या रुग्णांवरचं आहे." आपल्याकडच्या रुग्णांत फीटल, म्हणजे गर्भातलं, हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे प्लीहा पुष्कळदा मोठेपणीही मोठीच राहते.

तसंच मण्यार सापाच्या चाव्याचं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, चाव्याची खूण सापडत नाही, सूज नाही. पापण्या जड झाल्यात का ते आधी बघा, मण्यारचं विष नसांवर जातं.

म्हणून एक दोनशेपानी वही घ्या. रोज एकच केस, स्वतः विचारलेली हिस्ट्री, रात्री डेव्हिडसनमधलं तेवढंच प्रकरण. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मी ती वहीच चाळली होती. गाइडं शेवटच्या महिन्यात, थिअरीपुरती.