पायथनवरच विंडोजचे अ‍ॅप्लिकेशन बनेल का?

प्रश्न : गावच्या वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारी स्क्रिप्ट मी पायथनमध्ये लिहिली आहे, पण ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवावी लागत असल्याने ग्रंथपालांना वापरता येत नाही. बटणे आणि तक्ते असलेले अ‍ॅप्लिकेशन हवे असेल, तर सी++ शिकावेच लागेल, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, आणि या कारणासाठी चालती स्क्रिप्ट मोडीत काढणे मला मुळीच पटत नाही. खिडकी आणि बटणे रेखाटण्याचे काम सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले टूलकिट करते. काय दाखवायचे आणि बटण दाबल्यावर काय घडायचे, एवढेच पायथन त्याला सांगते. जॉन ऑस्टरहाउट यांनी टीके हे टूलकिट मुळात टिकल या स्क्रिप्टिंग भाषेसाठीच रचले होते आणि पायथनसोबत मिळणारे टीकिंटर हे मॉड्यूल त्याच्याच आधाराने चालते.

आपण टीकिंटरपासूनच सुरुवात करावी. त्यातील टीटीके हा संच वापरल्यास बटणांना विंडोजचे रूप मिळते. मात्र हाच प्रोग्राम लिनक्सवरही चालवायचा असेल, तर क्यूटी हे दुसरे टूलकिट पायथनमधून वापरू देणारे पायसाइड निवडावे, कारण टीकेच्या ८.६ आवृत्तीत लिनक्सवर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. मराठी पुस्तकांच्या यादीत हे चालणार नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. खिडकी जिवंत राहते ती मेनलूपमुळे, म्हणजे क्लिक आणि कळा टिपत सतत फिरत राहणाऱ्या आवर्तनामुळे, आणि बटणाला जोडलेले फंक्शन संपेपर्यंत तो लूप थांबलेला असतो. म्हणून जुनी मोठी फाइल वाचण्याचे काम थेट बटणाला जोडल्यास खिडकी गोठते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे उमटते आणि ग्रंथपाल घाबरून ती बंद करतात. असे काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यात, करून त्याचे निकाल क्यूमध्ये (रांगेत) ठेवावेत आणि मुख्य थ्रेडने ‘आफ्टर’ या, ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या टीकिंटरच्या सोयीच्या साहाय्याने ते ठरावीक अंतराने उचलून पडद्यावर दाखवावेत. दुसऱ्या थ्रेडमधून खिडकीला थेट हात लावू नये.

ग्रंथपालांच्या संगणकावर पायथन नसले, तरी अडत नाही. पायइन्स्टॉलर पायथनचा इंटरप्रिटर (पायथन प्रोग्राम चालवणारा भाग) प्रोग्रामसोबतच बांधून देतो. फक्त विंडोजची प्रत विंडोजवरच तयार करावी लागते. एकाच फाइलचा मोह टाळून संपूर्ण फोल्डर द्यावे, कारण एकफाइली प्रोग्राम दर वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या जागी उलगडतो आणि जुन्या संगणकावर तेवढा वेळ ताटकळावे लागते.