पहिलं जुनं घड्याळ घेताय? मग हे वाचा

जुनी घड्याळं जमवून त्यांचं छोटं संग्रहालय उभारायचंय, असं तुम्ही कळवलंत; ते स्वप्न मला मनापासून आवडलं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालयही एका माणसाच्या छंदातूनच उभं राहिलं. पण सुरुवात एकाच लंबकाच्या घड्याळाने करा.

- भिंतीवर टांगल्यावर कान द्या. 'टिक… टॉक' समान अंतराने यायला हवं; लंगडत असेल तर घड्याळाच्या पेटीचं खालचं टोक किंचित डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. नव्वद टक्के 'बंद' घड्याळं माझ्याकडे एवढ्यानेच चालू झाली.
- मागे पडत असेल तर लंबकाखालची चाकी फिरवून गोळा जरा वर घ्या.
- ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नका.
- घड्याळ दुसरीकडे नेताना लंबक काढा.

तबकडी घासू नका, यंत्रात खोबरेल तर मुळीच नको! स्प्रिंग उघडणं पुढे शिकू.