मेंदूतला द्रव तयार करणाऱ्या ऊतीतल्या जनुकांचा मेंदूच्या वाढीशी आणि इजेशी काय संबंध असतो?

या ऊतीला कोरॉइड प्लेक्सस म्हणतात. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये ती असते आणि दिवसाला साधारण ५०० मिली द्रव (सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणारा द्रव) तयार करते. एका वेळी शरीरात असतो जेमतेम १५० मिली, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळा द्रव बदलतो.

पण तिला नुसता पाण्याचा पंप समजू नका. इथल्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत, त्यावर द्रवात कोणती प्रथिनं उतरणार हे ठरतं. गर्भावस्थेत आयजीएफ-२ हे वाढीचं प्रथिन या द्रवातून मेंदूच्या मूळपेशींपर्यंत पोहोचतं आणि त्यांचं विभाजन वाढवतं. ओटीएक्स-२ चं उदाहरण मला जास्त भन्नाट वाटतं. हे जनुक नसेल तर उंदरांत ही ऊती नीट घडतच नाही. शिवाय त्याचं प्रथिन इथून निघून दृष्टीशी संबंधित भागातल्या चेतापेशींत शिरतं आणि तिथली लवचीकता (अनुभवानुसार जोडण्या बदलण्याची क्षमता) किती राहावी यावर परिणाम करतं. एका ऊतीतलं जनुक, काम भलतीकडेच!

इजेचं म्हणाल तर मेंदूच्या पोकळीत रक्तस्राव झाल्यावर काय होतं ते पाहा. उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं, की रक्तामुळे टीएलआर-४ हा ग्राहक (पेशीवरचं संकेत ओळखणारं प्रथिन) जागा होतो, दाहाचे संकेत सुरू होतात, एनकेसीसी-१ हा क्षारवाहक जोरात चालतो आणि द्रव गरजेपेक्षा जास्त तयार होऊन साचतो. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. माणसांत मात्र आजही उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचाच, म्हणजे नळी (शंट) बसवून द्रव वळवण्याचा.