केल्विन युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग: पदवी चालते का, धर्माचे विषय घ्यावेच लागतात का?

पदवी चालते. ग्रँड रॅपिड्सच्या (मिशिगन) केल्विनची इंजिनिअरिंगची चार वर्षांची बॅचलर पदवी 'अबेट' (इंजिनिअरिंग अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यताप्राप्त आहे. या मान्यतेसाठी गणित-विज्ञानाची किमान 30 आणि इंजिनिअरिंगची 45 क्रेडिट्स लागतातच. ख्रिस्ती विद्यापीठ म्हणून त्यात सूट नाही. पदवी एकच असते, मेकॅनिकल, सिव्हिल वगैरे शाखा 'कॉन्सन्ट्रेशन' म्हणून घ्यायची. भारतात नोकरीच्या अर्जात शाखा विचारतात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचे विषयवार गुणपत्रक) जपून ठेवा.

धर्म आणि तत्त्वज्ञानाचे विषय मात्र घ्यावे लागतात, तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका, कारण तेव्हा दोन्ही सत्रे चालणारा सीनियर डिझाइन प्रकल्प वेळ खातो.

खरी अडचण कॅल्क्युलसची. पहिल्याच सत्रात तो सुरू झाला नाही, तर फिजिक्स, स्टॅटिक्स, डायनॅमिक्स अशी सगळी साखळी मागे सरकते आणि वर्ष लांबू शकते. म्हणून बारावीच्या गुणांवर काय सूट मिळेल, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर सत्राला किमान 12 क्रेडिट्स लागतात. जड विषय सोडताना आकडा त्याखाली गेला, तर व्हिसाच धोक्यात येतो. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला.